हायडेलबर्गचा ऑगस्टमधला समर कोर्स: जावं का? पप्पा म्हणतायत पैसे मास्टर्ससाठी ठेव

कोल्हापूरची_मी

नमस्कार मंडळी. मी मूळची कोल्हापूरची, पुण्यात बीए जर्मन करतेय, आत्ता दुसरं वर्ष संपत आलंय. भाषेची बी१ लेव्हल झालीय, तिच्या वरची बी२ चालू आहे. हायडेलबर्ग युनिव्हर्सिटीचा ऑगस्टमध्ये इंटरनॅशनल समर कोर्स असतो ना जर्मन भाषेचा, त्याला अ‍ॅडमिशन मिळालंय, साधारण चार आठवड्यांचा आहे. डाडच्या (DAAD, स्कॉलरशिप देणारी जर्मन संस्था) समर कोर्स स्कॉलरशिपला पण अर्ज केलेला पण तिकडून नकार आला, म्हणजे जायचं तर सगळा खर्च घरचा. फी, होस्टेल, विमान, व्हिसा, खाणंपिणं असं सगळं धरून मी आणि दादाने बसून हिशोब काढला तर अडीच लाखाच्या आसपास जातंय.

मम्मी म्हणते जा. पप्पा नाही म्हणत नाहीत पण त्यांचं म्हणणं असं की एवढे पैसे चार आठवड्यांत उडवण्यापेक्षा पुढे मास्टर्सला जाशील तेव्हा कामी येतील, आणि खरं सांगायचं तर त्यांचं चुकतंय असं मलाही वाटत नाही, म्हणून तर इथे विचारतेय. जे खरंच जाऊन आलेत त्यांनी सांगा की भाषेत फरक पडतो का का नुसतं फोटो काढून परत येतात सगळे. दुसरं म्हणजे ऑगस्टमध्ये आमचं कॉलेज चालू असतं, अटेंडन्सचं काय करतात लोक? आणि तिसरं, आमच्या घरी माळ आहे, मी अंडं पण खात नाही, तर तिथे जगता येईल ना नीट? हसू नका, पप्पांचा पहिला प्रश्न हाच होता.

नेकरकाठ

मी हाच कोर्स करून आलोय, दोनेक वर्षं झाली, आता मानहाइमला मास्टर्स करतोय म्हणजे हायडेलबर्ग इथून लोकल ट्रेनने अगदी जवळ, अजूनही शनिवार रविवारी चक्कर होते. त्यामुळे जरा लांबलचक लिहितो, चहा घेऊन बस.

आधी क्लासचं. पहिल्या दिवशी लेव्हल टेस्ट होते आणि त्यावर ग्रुप ठरतात, तू अर्जात काय लिहिलंयस त्याला फार किंमत नसते. आपल्याकडच्या पोरांचं व्याकरण दणकट असतं, आर्टिकल्स डेटिव्ह अक्कुझाटिव्ह सगळं तोंडपाठ, त्यामुळे टेस्टमध्ये वरचा ग्रुप मिळतो, आणि मग पहिल्या आठवड्यात डोळे पांढरे होतात कारण शेजारची इटालियन पोरगी अर्ध्या चुका करत का होईना पण सुसाट बोलत असते आणि आपण मनातल्या मनात वाक्याच्या शेवटी क्रियापद लावून बघत बसतो तोवर विषय पुढे गेलेला असतो. तर हे होणार. घाबरू नको, आठवडाभरात जिभेला वळण लागतं.

सकाळी भाषा आणि दुपारी सेमिनार असं असायचं आमच्या वेळी. सकाळचं जे शिकवतात ते पुण्यातही मिळेल, खोटं कशाला बोलू. दुपारचं मात्र वेगळं. आमच्या बाई एकदा सगळ्यांना घेऊन जुन्या गावातल्या विद्यार्थी तुरुंगात गेल्या. हो, युनिव्हर्सिटीचा स्वतःचा तुरुंग होता, १७७८ पासून १९१४ पर्यंत चालला. रात्री दारू पिऊन गोंधळ घातला, कोणाशी मारामारी केली की पोरांना तिथे नेऊन टाकायचे, आणि मजा म्हणजे लेक्चरला जायला बाहेर सोडायचे. आत भिंतीवर छतावर इंचभर जागा मोकळी नाहीये, सगळीकडे काजळीने काढलेली डोकी, टोप्या, नावं, तारखा. बाई म्हणाल्या प्रत्येकाने एक चित्र निवडा आणि हा आत का आला असेल, आला नसता तर काय झालं असतं ते सांगा, कॉन्युंक्टिव्ह (जर्मनमधलं जर-तरचं क्रियापदाचं रूप) वापरूनच. कॉन्युंक्टिव्हचे वर्कशीट मी पुण्यात ढीगभर सोडवले होते पण तोंडातून पहिल्यांदा न अडखळता बाहेर पडला तो तिथे, एका मिशीवाल्या पोराबद्दल की याने पोलिसाची हॅट पळवली नसती तर बिचाऱ्याची परीक्षा बुडाली नसती. बाई हसल्या आणि म्हणाल्या पुढे? मग पुढे सुचेना, ते जाऊदे.

पण खरी जर्मन शिकलो ती होस्टेलच्या किचनमध्ये. कॉमन किचन असतं, फ्रीजमध्ये प्रत्येकाचा एकेक कप्पा. आमच्या मजल्यावर एक जॉर्जियाची, दोन इटालियन, एक जपानी आणि एक कायमचा राहणारा जर्मन पोरगा जो सुट्टीत घरी गेला नव्हता. दूध कोणी संपवलं, कोणी कढई तशीच ठेवली, प्लास्टिकच्या डब्यात उरलेला भात कोणी टाकला यावरून जी भांडणं झाली ना, ती सगळी जर्मनमध्ये, कारण जॉर्जियाच्या मुलीला इंग्रजी येत नव्हतं आणि इटालियनांचं इंग्रजी कोणाला कळत नव्हतं. भांडताना माणूस आर्टिकलचा विचार करत बसत नाही.

आता मुख्य सूचना. तिथे पुण्यामुंबईची, दिल्लीची पोरं भेटणारच. भेट, बोल, एक दिवस मिळून पुलाव करा, पण त्यांच्याबरोबर राहायला लागू नको. आमच्या बॅचला चारपाच जणांचा आपला ग्रुप जमला आणि ती पोरं महिनाभर हिंदीत बोलून, रोज रात्री मॅगी खाऊन परत गेली. पॅरिस पण बघून आली, झ्युरिक पण बघून आली. त्यांना विचारशील तर ते पण म्हणतील मस्त होता कोर्स.

अजून एक, हायडेलबर्ग टुरिस्टांचं गाव आहे. जुन्या गावातल्या मुख्य रस्त्यावर दुकानदाराला तू जर्मनमध्ये विचार, तो इंग्रजीत उत्तर देणार, त्यालाही घाई असते. वैताग येतो. उपाय सोपा, नदी ओलांडून नॉयनहाइम किंवा हांडशूसहाइमला जा, तिथे साधी वस्ती आहे, बाजार भरतो, भाजीवाल्या आजीबाईंना इंग्रजी बोलायची हौस नसते. त्यांची बोली मात्र पुस्तकातल्यासारखी नसते, पहिले दोन दिवस तुला वाटेल ही दुसरीच कुठली तरी भाषा आहे.

तर माझं मत: जा. बी१ च्या खाली असतीस तर नको म्हणालो असतो, तिथे जाऊन अ आ इ ई करायला एवढे पैसे घालायची गरज नाही.

खडूस_सदाशिव

वरचं सगळं वाचलं, छान लिहिलंय, पण कोणीतरी दुसरी बाजू पण मांडायला हवी म्हणून लिहितोय, राग मानू नये.

एक, या कोर्सचं जे सर्टिफिकेट मिळतं त्यावर मास्टर्सचं अ‍ॅडमिशन होत नाही. जर्मन माध्यमातल्या कोर्सला डीएसएच २ किंवा टेस्टडाफ (चारही भागांत ४) अशी कुठलीतरी भाषेची परीक्षा पास असावी लागते, समर स्कूलचा कागद सीव्हीवर एक ओळ म्हणून ठीक आहे बस. दोन, वडिलांचं म्हणणं आकड्यात बघूया. मास्टर्सच्या व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच अडकवून ठेवायचं खातं) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. आणि जर्मनीत शिक्षण फुकट म्हणतात ते बाडेन व्ह्युर्टेमबर्गमध्ये आपल्याला लागू नाही, तिथे २०१७ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे, आणि हायडेलबर्ग त्याच राज्यात येतं. अडीच लाख म्हणजे त्यातला चांगला तुकडा झाला. तीन, त्याच पैशात पुण्यात मॅक्सम्युलर भवनला बी२ सी१ दोन्ही होऊन वर परीक्षेची फी निघेल.

आणि सर्वसाधारण सूचना बाकी वाचणाऱ्यांसाठी, युनिव्हर्सिटीचा स्वतःचा समर कोर्स वेगळा आणि कुठल्यातरी एजंटने हॉल भाड्याने घेऊन चालवलेला युरोप समर स्कूल वेगळा. दुसऱ्या प्रकारात तीन दिवस लेक्चर आणि दहा दिवस बसमधून साइटसीइंग असतं आणि पैसे दुप्पट. प्रश्नकर्तीचा कोर्स पहिल्या प्रकारातला आहे, तेवढं मान्य.

नेकरकाठ

@खडूस_सदाशिव आकडे बरोबर आहेत तुमचे, त्यावर वाद नाही. पण एक सांगा, मास्टर्सला ब्लॉक्ड अकाउंट भरून, घरच्यांनी लोन काढून दोन वर्षांसाठी माणूस येतो आणि दुसऱ्या महिन्यात कळतं की आपल्याला हे जमत नाहीये, ही हवा, हा एकटेपणा, रविवारी कडीकुलपात बंद असलेलं गाव, तेव्हा काय करायचं? माझ्याबरोबर दोघं असे परत गेले. चार आठवड्यांत निदान एवढं कळतं की आपण इथे एकटे राहू शकतो का. मला कळलं म्हणून मी निर्धास्त अर्ज केला. आणि जी मुलगी जर्मनच शिकतेय, पुढे शिकवणार किंवा ट्रान्सलेशन करणार, तिने एकदाही ती भाषा रस्त्यावर न ऐकता बीए व्हायचं हे मला तरी पटत नाही.

खडूस_सदाशिव

ऑगस्टमधलं हायडेलबर्ग बघून नोव्हेंबर सोसेल का ते कळत नाही. संध्याकाळी पावणेनऊपर्यंत उजेड, नदीकाठी लोक लोळतायत, सगळंच छान वाटणार. नोव्हेंबरात पाच वाजायच्या आत अंधार. पण एकटेपणाचा मुद्दा घेतला, तो माझ्या डोक्यात नव्हता.

हिशोबी_काकू

बाळा, माझी लेक अशाच एका कोर्सला गेली होती (दुसऱ्या गावी, पण जर्मनीच) तेव्हा कागदपत्रांचं सगळं मी केलं होतं म्हणून तेवढंच सांगते, बाकी तुम्ही तरुण मंडळी बघा.

चार आठवड्यांसाठी शेंगेनचा शॉर्ट स्टे व्हिसा लागतो, टाइप सी म्हणतात तो, त्यावर जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. एपीएस सर्टिफिकेटचं (आपली कागदपत्रं तपासून देतात ते) जे सगळीकडे वाचशील ते डिग्रीसाठी जाणाऱ्यांचं आहे, त्याने घाबरू नको. व्हिसा फी ९० युरो, शिवाय सेंटरचा सर्व्हिस चार्ज. प्रवास विमा कमीत कमी ३०,००० युरो कव्हरचा पाहिजे आणि तारखा जाण्यायेण्याच्या दिवसांसकट झाकल्या गेल्या पाहिजेत, लोक कोर्सच्या तारखा टाकतात आणि विमानाचा दिवस बाहेर राहतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो तर मे महिन्याची वाट बघू नको, त्या वेळी सगळं जग युरोपला निघालेलं असतं आणि अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही. आणि हो, या व्हिसावर जाऊन तिथल्या तिथे स्टुडंट व्हिसा करून घेऊ असं कोणी सांगितलं तर ऐकू नको, परत यावंच लागतं.

अटेंडन्सचं: तुझ्या एचओडींना आत्ताच भेट. आत्ता म्हणजे आत्ता, जुलैत नाही. अ‍ॅडमिशन लेटर दाखव आणि लेखी परवानगी घे ज्यात तारखा लिहिलेल्या असतील. तेच पत्र व्हिसाला पण उपयोगी पडतं कारण त्यांना बघायचं असतं की मुलीचं शिक्षण इकडे चालू आहे आणि ती परत येणार. आमच्याकडे सर लोक स्वतः खूश झाले होते पण ऑफिसने फार फिरवलं, तेव्हा सरांच्या सहीवर थांबू नको, आवक जावकचा शिक्का मारून घे. आणि इंटर्नल्सच्या तारखा विचार, ऑगस्टमध्ये एखादी असेल तर ती आधी का नंतर देता येईल तेही त्याच पत्रात येऊ दे.

पैशांबद्दल एवढंच म्हणेन, की तुझ्या पप्पांना व्याजाने काढावे लागणार असतील तर जाऊ नको. साठवलेले असतील तर जा.

कोल्हापूरची_मी

बापरे एवढी उत्तरं! सगळ्यांना खूप थँक्यू. काकू, व्याजाने नाही काढायचेत, पप्पांनी माझ्या नावाने एफडी ठेवलीय ती मोडायचीय. एचओडी मॅडमना सोमवारीच भेटते.

सदाशिवकाका (काका म्हटलं तर चालेल ना) तुमचा पोस्ट मी पप्पांना वाचून दाखवला, ते म्हणाले हा माणूस शहाणा आहे. मग नेकरकाठ दादाचा वाचून दाखवला तर काहीच बोलले नाहीत, नुसते हं म्हणाले, आमच्याकडे हं म्हणजे चांगलं असतं.

खाण्याचं कोणीच बोललं नाही पण.

दहीभात_फॉरएव्हर

आलो आलो, हा माझा विषय. मी पण अंडं न खाणारा, आणि या देशात आता बरीच वर्षं काढली, वजन उलट वाढलंय.

हायडेलबर्गमध्ये मार्श्टालची मेन्सा आहे, म्हणजे युनिव्हर्सिटीची खानावळ म्हण, जुन्या दगडी इमारतीत आहे, बाहेर अंगणात बसायला बाकडी. तिथे बुफे असतो आणि ताटाचं वजन करून पैसे घेतात. आता यात गोम अशी की बटाटा, भात, सूप हे जड आणि स्वस्तातले पदार्थ, ते भरभरून घेतलेस की काट्यावर आकडा बघून धक्का बसणार. सॅलड, भाज्या, फलाफल असं हलकं घे आणि भात रूमवर कर. व्हेगन पाटी असेल ते डोळे झाकून घे, त्यात दूध अंडं काहीच नसतं. नुसतं व्हेजिटेरियन लिहिलं असेल तर अंडं असू शकतं, श्पेट्झले नावाच्या नूडल्समध्ये तर असतंच, ते तिकडचं प्रसिद्ध आहे आणि चीज घालून व्हेज म्हणून सगळे तुला आग्रहाने खायला सांगतील. माउलटाशन नावाचे करंजीसारखे मोठे प्रकार मिळतात त्यात बहुतेक वेळा मांस असतं, बाहेरून पालक दिसतो म्हणून फसू नको. आणि जेलीच्या गोळ्या, काही पुडिंग, यात जिलेटिन (जनावरांच्या हाडाकातड्याचं) असतं, पाकीट उलटं करून वाचायची सवय लाव. चिनीवाल्याकडे नूडल्समध्ये अंडं नाही ना हे दरवेळी विचारायचं, लाजायचं नाही.

दूध दही पनीरच्या जवळपास जाणारं चीज सगळं सुपरमार्केटमध्ये मिळतं आणि दही तर आपल्यापेक्षा भारी, क्वार्क (आपल्या चक्क्यासारखं असतं) घेऊन त्यात साखर वेलची घातलीस की श्रीखंड तयार. नळाचं पाणी प्यायचं, विकत घेऊ नको. घेतलंस तर प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट डिपॉझिट असतं, बाटल्या फेकायच्या नाहीत, दुकानातल्या मशीनमध्ये घालून पैसे परत. सामानात छोटा कुकर, मेतकूट, गोडा मसाला, तूरडाळ दोन किलो. तूप आणू नको, तिथलं बटर कढव, दूधदुभत्याचे पदार्थ युरोपबाहेरून न्यायला तसे नियमात बसत नाहीत त्यामुळे कढवलेलंच बरं. रविवारी दुकानं बंद, शनिवारी संध्याकाळीच भरून ठेव. पहिल्या रविवारी सगळे उपाशी राहतात, स्टेशनवरची दुकानं तेवढी उघडी असतात.

पाटील_इन_बाडेन

माळ आहे म्हणालीस म्हणून लिहितोय, नाहीतर मी नुसता वाचणारा माणूस. हायडेलबर्गला साउथ एशिया इन्स्टिट्यूट आहे, १९६२ सालापासून, आणि तिथे ग्युंथर सोंथायमर नावाचे प्राध्यापक होते (१९३४ ते १९९२) ज्यांनी आयुष्य आपल्या खंडोबा, बिरोबा, म्हस्कोबावर घालवलं. धनगरांबरोबर फिरले, ओव्या गोळा केल्या, वारीवर फिल्म केली. बिरोबा म्हस्कोबा खंडोबावरचं त्यांचं जर्मन पुस्तक १९७६ चं आहे. तुमच्या कोल्हापूरकडे बिरोबा म्हणजे काय ते मी सांगायला नको. कोर्स चालू असताना एक दुपार काढ आणि तिथल्या लायब्ररीत जा, बाहेरच्यांना बसून वाचायला देतात का ते आधी ईमेलने विचार, जर्मनमध्ये लिही, तेवढाच सराव. बी२ च्या जर्मनने पुस्तक जड जाईल पण पहिली दहा पानं वाच आणि पप्पांना फोनवर सांग काय लिहिलंय.

फिरण्याबद्दल, डॉइचलांड टिकेट घे. २०२३ ला सुरू झालं तेव्हा महिन्याला ४९ युरो होतं, मग ५८ झालं, २०२६ पासून ६३. यात सगळ्या लोकल, ट्राम, बस, रीजनल गाड्या देशभर चालतात, आयसीई सारख्या फास्ट गाड्या चालत नाहीत. हे सबस्क्रिप्शन असतं, महिन्याच्या १० तारखेच्या आत कॅन्सल केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे जातात, म्हणजे तू परत येऊन कोल्हापुरात मिसळ खात असशील आणि तिकडे ६३ युरो कापले जातील. १ ऑगस्टला घ्यायचं आणि लगेच कॅन्सल टाकायचं, महिनाभर चालूच राहतं.

आणि फिलोसोफेनवेगला (नदीपलीकडच्या डोंगरावरची पायवाट) जा असं सगळे सांगतीलच, चढ चांगलाच दमवतो, सकाळी लवकर जा. होस्टेलमध्ये पंखा नसतो आणि ऑगस्टमध्ये ३५ पर्यंत जाऊ शकतं, स्वेटर एकच ने. नेकर नदीच्या काठावरच्या हिरवळीवर सतरंजी टाकण्याआधी खाली बघ, तिथे बदकांसारखे मोठे पक्षी फिरत असतात आणि सगळीकडे घाण करून ठेवतात.

कोल्हापूरची_मी

पाटील काका हे तर मला माहीतच नव्हतं, आमच्या मॅडमनी पण कधी सांगितलं नाही. पप्पांना सांगितलं तर ते खुर्चीतून उठले, म्हणे वारीवर जर्मन माणसाने फिल्म केलीय तर मला दाखव आधी. आता ती शोधतेय.

नेकरकाठ दादा, शेवटचं एक, होस्टेल युनिव्हर्सिटीकडूनच घेऊ का बाहेर रूम शोधू? बाहेर थोडं स्वस्त दिसतंय एका साइटवर.

नेकरकाठ

युनिव्हर्सिटीकडूनच. बाहेर महिनाभरासाठी रूम देणारे कमी आणि आधी डिपॉझिट पाठवा मग चावी कुरिअरने पाठवतो म्हणणारे जास्त, त्यातले बरेच फ्रॉड असतात. होस्टेलची खोली साधी असेल पण किचन मिळेल, ते मी वर सांगितलंय किती कामाचं आहे. आणि व्हिसाला राहण्याचा पुरावा म्हणून त्यांचं पत्र आपोआप मिळतं.

हिशोबी_काकू

बरोबर. आणि पप्पांचे तीन वर्षांचे आयटीआर आत्ताच सीएकडून काढून घे, एफडी मोडायची असेल तर आधी मोडून पैसे सेव्हिंगला काही दिवस दिसू देत, अपॉइंटमेंटच्या आदल्या दिवशी मोठी रक्कम खात्यात आली की ते विचारतात कुठून आली.